मुठीचा डबा

अक्का, तुमचा मुठीचा डबा परवापासून माझ्या स्वयंपाकघरात आहे. तोच तो पत्र्याचा, झाकणाला सुतळी बांधलेला. बुधवारच्या बायकांच्या सभेत पाळकबाईंनी तो सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, “एस्तरबाई, अक्का सांगून गेल्यात. माझ्यामागे डबा एस्तरकडे.” मी विचारलं, कधी सांगितलं? तर म्हणे नाताळाच्या आधीच. म्हणजे चार महिने हे पोटात ठेवून तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याकडे चहा पीत होतात, आणि वर साखर कमी पडली म्हणून नावं ठेवत होतात. धन्य आहे बाई तुमची!

आज शुक्रवार. तुम्हाला मातीआड करून अकरा दिवस झाले. परवाचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा, उपासनेत सगळ्यांनी एका ताटातली भाकर मोडून घ्यायचा. उद्या सकाळी हा डबा काखेत मारून मला मंडळीतल्या अकरा घरी जायचंय, प्रत्येक दारात उभं राहून पीठ घ्यायचंय, आणि दुपारी त्याची भाकरी थापायचीय. दहा घरांचं काही नाही. अकरावं घर मालनचं. माझ्या धाकट्या जावेच्या ओट्यावर मी तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही, तिच्याशी एक शब्द बोललेले नाही, आणि का ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. शाळेत चौथीच्या वर्गावर आज उगाच ओरडले आणि मग फळ्याकडे तोंड करून रडले.  पोरांना वाटलं, बाईंच्या डोळ्यांत खडूची भुकटी गेली.

मी लग्न होऊन चोपड्यात आले तेव्हा मला ही मुठीची रीत कुठे ठाऊक होती? आम्ही नगरकडचे. आमच्याकडे ताटाच्या रविवारी बेकरीतला पाव यायचा, त्याच्या कडा कापून चौकोनी तुकडे व्हायचे. इथे पहिल्याच आठवड्यात तुम्ही एक रिकामा डालडाचा डबा घेऊन आलात. म्हणालात, रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ यात टाकायची. दादर ज्वारी असेल तर दादर, बाजरी असेल तर बाजरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं असेल तर कळण्याचं. महिनाअखेरीला मी घ्यायला येईन. मी म्हटलं, “मिसळलं की भाकरी तुटेल, अक्का.” तुम्ही म्हणालात, “तुटाले तर करतस वं.” तोडण्यासाठीच तर करतात.  नवी नवरी होते, गप्प बसले. पुढे पंधरा वर्षं काही गप्प बसले नाही.

हे सगळं त्या निळ्या वहीतलं. लोक तुम्हाला बायबलबाई म्हणून ओळखायचे. साक्रीकडच्या पाड्यांवर, आठवड्याच्या बाजारात, छत्री आणि पिशवी घेऊन फिरणारी विधवा बाई. पण तुमच्या पिशवीत शास्त्राच्या खाली ती वही असायची, ते थोड्यांनाच माहीत. साक्रीचे म्हातारे पाळक भिंग लावून इंग्रजीतून एकेक ओळ वाचायचे, तिचं मराठी सांगायचे आणि चौथी शिकलेल्या तुम्ही ते लिहून घ्यायच्या. येशूचे शिष्य गेल्यानंतरच्या पहिल्या शंभर-दोनशे वर्षांत जे साधे विश्वासणारे होते, त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं, एकमेकांना दिलेल्या शिकवणी. दोन उन्हाळे लागले म्हणे. मी बी.ए. झालेली, मला वाटलं यात मोठं तत्त्वज्ञान असेल. उघडून पाहते तर काय? पाहुण्याला किती दिवस ठेवावं. उपास कधी करावा. हात घ्यायला पुढे आणि द्यायला मागे असं नसावं. एकाच तोंडात दोन जिभा ठेवू नयेत. चाकरमाणसाशी कडू बोलू नये. मी म्हटलं, “अक्का, यात देवाचं फार थोडं आहे.” तुम्ही हसलात. “यामा सरगनं थोडंच शे, एस्तर. बठ्ठं चुल्हानंच शे. म्हनीसन तर माले समजस.” स्वर्गाचं थोडंच, सगळं चुलीचंच, म्हणून तर तुम्हाला समजायचं.

तुम्ही ती वही वाचायच्या कमी आणि वागायच्या जास्त, हाच सगळा ताप होता. बुधवारी आणि शुक्रवारी तुमचा उपास. मी वाद घालायचे: उपास कशाला, आपल्यात कुठे आहे? आणि तुम्ही तर त्या दिवशीही चूल पेटवता! तेव्हा कळलं की तुम्ही तुमच्या वाटणीची भाकरी नेहमीसारखी करता, कांदा-चटणी लावून फडक्यात बांधता, आणि समोरच्या बौद्धवाड्यातल्या कौतिकबाईंना नेऊन देता, कारण त्यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले. तुमचं म्हणणं, जो उपास कुणाच्या पोटात जात नाही तो उपास नाही, नुसती भूक आहे. कौतिकबाईही तुमच्यासारख्याच. तुमचा उपास आहे कळल्यावर त्यांनी सुनेकडून साबुदाण्याची खिचडी करून घेतली आणि पाठवली. तुम्ही उपास सोडून खिचडी खाल्लीत. मी म्हटलं, “आता वहीत काय लिहिलंय यावर?” “वहीमा कौतिक नही शे,” म्हणालात, आणि वाटी चाटून पुसून ठेवलीत.

आणि तुमची छत्री! मे महिन्यात चोपड्याचं ऊन म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक, आणि तुमची छत्री कधी तुमच्या डोक्यावर नाही. ‘माझं’ म्हणू नये असं वहीत होतं म्हणे. ती पोस्टमनकडे असायची, भाजीवालीकडे असायची, एकदा तर मी ती एस.टी.च्या कंडक्टरकडे पाहिली. बाईसाहेब आपल्या पदर डोक्यावर घेऊन, घामाघूम. मी चिडून म्हणायचे की धर्म करा पण उष्माघाताने मरू नका. मेलात उन्हाळ्यातच. ऊन नव्हतं कारण, डॉक्टर म्हणाले हृदय. पण मी अजून त्या छत्रीवर रागावलेय.

हसू येतं ते त्या प्रचारकाचं आठवलं की. पटांगणात मांडव घालून तीन संध्याकाळच्या सभा झाल्या, बाहेरून मोठे वक्ते आले, पांढरी पॅन्ट, पांढरे बूट. मालनच्या घरी नवी खोली बांधलेली म्हणून उतरले तिच्याकडे. सभा संपल्या, मांडव निघाला, पण पाहुणा काही निघेना. रोज कोंबडी. रोज दुपारी झोप. मालनची मुलगी शांती तेव्हा लहान, ती त्यांना घाबरून माझ्याकडेच राहायला आली होती. सभा संपल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावा तुमच्या अंगणात वाळवणाच्या बिबड्या, ज्वारीचे पापड, घालत होतो. ज्वारीचा घाटा शिजलेला, खाटांवर धोतरं पसरलेली. तुम्ही उठलात, मालनच्या घरी गेलात, आणि त्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आलात. खुर्ची दिलीत, एका हातात छत्री दिलीत, दुसऱ्या हातात काठी.

“पाव्हना दोन दिन,” तुम्ही म्हणालात, अगदी प्रेमाने. “तिसरा दिनले घरना मानूस. आन घरना मानूसले काम ऱ्हास. कावळा हाकला, दादा.”

अहो, तो माणूस लाल झाला, पांढरा झाला, आणि बसला! दीड तास बसला. कावळा आला की “हाऽऽ” करायचा, तेही सभेतल्या आवाजात. मालन आणि मी पदर तोंडात कोंबून आत पळालो. न्हाणीघरात एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसलो की मालनला उचकी लागली. ती म्हणत होती, “ताई, मला धरा, मी पडते.” मी तिला धरलं होतं. मला तिचा तो घामेजलेला हात अजून आठवतो. संध्याकाळच्या गाडीने पाहुणे गेले, पण जाताना तुमच्याकडून वहीतला तो भाग वाचून घेतला आणि एक पिशवी बिबड्या मागून नेल्या. माणूस अगदीच वाईट नव्हता.

आता ते सांगते. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण तीन वर्षं मी ते खोटं सांगत आलेय.

तो शनिवार. शांतीला विषमज्वर झाला होता, मालन पाच आठवडे तिला घेऊन जळगावच्या दवाखान्यात. पोरगी वाचली. आदल्याच दिवशी दोघी परत आल्या होत्या. शांतीला भेटायला म्हणून त्या महिन्यात सगळ्या बायका आपापले डबे घेऊन तुमच्या ओसरीवरच जमलेल्या आणि सगळ्यांचं लक्ष मालनकडे. कोण शांतीला मांडीवर घेतंय, कोण मालनच्या पाठीवरून हात फिरवतंय. मी पीठ चाळायला बसले होते. मालनने डबा पुढे केला. त्या डब्यात जाळी झालेली, चाळणीत अळ्या राहिल्या. होणारच. दवाखान्यात जाण्याआधी तिने टाकलेल्या मुठी उन्हाळ्यात तशाच पडून होत्या. आणि मी चाळणी वर उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हटलं, “काय गं मालन, आता देवाच्या ताटातही अळ्या वाढणार का?”

 मालन पांढरी पडली. मग हळू आवाजात म्हणाली, “ज्यांच्या घरी खाणारं लेकरू नाही, त्यांचं पीठ स्वच्छच राहतं, ताई.”

मी चाळणी तिथेच टाकली आणि घरी आले. लोकांना काय दिसलं? एस्तरबाई जरा फटकळ, पण मालनने तिच्या वर्मावर घाव घातला. बारा वर्षं लग्नाला, कूस रिकामी. असं कुणी बोलतं का? सगळी सहानुभूती माझ्याकडे आली आणि मी ती घेतली. वर मी सगळ्यांना सांगत गेले की पीठ दवाखान्यामुळे तसं पडून होतं हे मला सुचलंच नाही, मी आपली थट्टा केली.

सुचलं होतं, अक्का. झाकण उघडताक्षणी सुचलं होतं. शांतीला तुमच्या मांडीवर बघून मला वाटलं, हिला पोरगी आहे, ती मरता मरता वाचलीही, आता सगळं गाव हिलाच कुरवाळणार. मला एका क्षणापुरतं तिला खाली खेचायचं होतं. थट्टा नव्हती ती. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारी तुम्ही मालनचं पीठ फेकलं नाहीत. दोनदा चाळून, उन्हात घालून त्याच भाकरीत मिसळलंत. दुसऱ्या दिवशी उपासनेआधी आम्हा दोघींना देवळाच्या मागच्या कडुनिंबाखाली बोलावलंत. वहीतला तो भाग मला पाठ झालाय. ते जुने लोक सांगून गेलेत की आधी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करावी, मग भाकर मोडावी. आणि ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने ते मिटेपर्यंत ताटाशी येऊ नये. तुम्ही म्हणालात, “भांडन मिटाडा, मंग ताटले हात लावा.” मालनने मान खाली घातली. मी मात्र ताडकन म्हटलं, “पाळकसाहेब काही बोलले नाहीत, तुम्ही कोण मला अडवणाऱ्या?” आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. ताट आलं, घेतलं. मालननेही घेतलं, मी घेतलं म्हणून.

तुम्ही घेतलं नाहीत. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं. ताट तुमच्यापाशी आलं, तुम्ही ते दोन्ही हातांनी धरलंत, भाकरीकडे पाहिलंत आणि पुढे दिलंत. तुम्हीच थापलेली भाकरी. घरी येऊन मी विचारलं, “हे काय नवीन?” तुम्ही चहा ढवळत म्हणालात, “मना हातना दोन बोटे दुखतस. मी कशी जेवू?”

यावरून आपण किती भांडलो! मी वही उघडून तुम्हाला दाखवली: भांडणाऱ्यांनी दूर राहावं असं लिहिलंय, समेट करणारीने उपाशी राहावं असं कुठे आहे? हा तुमचा मनचा नियम आहे, अक्का, हा हट्ट आहे, हे दुसऱ्याला ओशाळं करायचं साधन आहे. मी शिक्षिका, मुद्द्याला मुद्दा. तुम्ही शेवटी वही मिटलीत आणि म्हणालात, “ज्यासनी हाई लिखं, त्यासले जावा नव्हत्यात.” मला हसू आलं आणि हसू आलं याचा राग आला.

कितीदा तरी मी तुम्हाला माझी बाजू सांगितली. तुम्ही दरवेळी पूर्ण ऐकून घ्यायच्या, मध्ये तोडायच्या नाहीत, आणि शेवटी तेच: “माले नको सांगू, तिले सांग.” तीन वर्षं! छत्तीस-सदतीस ताटं तुमच्या हातावरून पुढे गेली. मी दरवेळी घेत राहिले, कारण न घेणं म्हणजे हरणं.  मनात म्हणायचे, या कंटाळतील. तुम्ही कंटाळला नाहीत. मला वाटायचं, अजून वेळ आहे. नाताळला बोलू. मग ईस्टरला बोलू. अक्का काय, शंभर वर्षं जगणाऱ्या.

त्या सोमवारी दुपारी तुम्ही ताक प्यायलात, चटईवर आडव्या झालात आणि चारला कौतिकबाई हाका मारत बसल्या.

तुम्हाला ना लेक ना सून, आंघोळ घालायला घरातल्या बायका म्हणजे आम्ही दोघीच. मालनने तुमचं डोकं हातांवर तोललं आणि मी पाणी घालत होते. कौतिकबाई दाराशी. मालन त्यांना म्हणाली, “मावशी, त्यांना सांगा, पाणी कोमट घ्या. अक्कांना थंड चालत नाही.” मी कौतिकबाईंना म्हटलं, “त्यांना सांगा, कोमटच आहे.” कौतिकबाई आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काय बाया आहात गं तुम्ही! ही मधे पडलीय, हिच्यावरून तरी सरळ बोला!” आम्ही नाही बोललो. केस विंचरताना एकदा आमच्या दोघींचे हात एकमेकींना लागले आणि दोघींनी मागे घेतले. तुमच्या पायांच्या भेगांतून पाड्यांवरची माती निघत नव्हती. मी घासत राहिले, ती तुमच्या डोक्याखालचा हात न हलवता बसून राहिली. त्या वेळी म्हणायला हवं होतं.  मग पुरुष मंडळी दारात आली आणि पेटी आली.

म्हणून हे सगळं तुम्हाला लिहितेय. लिहून झालं आणि वाचून पाहिलं, तेव्हा तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला. माले नको सांगू. बरं बाई! पेन ठेवते.

शनिवार, संध्याकाळ.

पुढचं लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. शाळेत रजा टाकून सकाळी सातला डबा घेऊन निघाले. तुमची छत्री परत आलीय, भाजीवालीने आणून दिली, ती घेतली. दहा घरं झाली. प्रत्येक दारात बाया तुमची आठवण काढून रडल्या. पाळकबाईंनी गव्हाचं पीठ दिलं, कुणी बाजरीचं, कुणी दादरचं. ऊन चढलं. अकराव्या घराच्या कोपऱ्यावर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. परत फिरावं असं दोनदा वाटलं. दहा घरांचं पीठ पुरेसं आहे, कुणाला काय कळणार? पण मग भाकरी मालनशिवाय झाली असती. तुम्ही त्या अळ्यांच्या दिवशीसुद्धा तशी केली नव्हती.

ओट्यावर चढले. हाक काय मारू? तीन वर्षं तोंडातून नाव गेलेलं नाही. शेवटी तुमच्यासारखं डब्याचं झाकण दोनदा वाजवलं. मालन बाहेर आली. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आत गेली आणि परत आली ती एका हातात पिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात चाळणी घेऊन. चाळणीवर मलमलचं फडकं ताणून बांधलेलं. खाली बसली, माझा डबा पुढे ओढला, आणि माझ्याकडे न बघता त्या फडक्यातून पीठ गाळायला लागली. बारीक, पावडरीसारखं पीठ पडत होतं. फडकं जुनं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. कडेने पिवळं पडलेलं. म्हणजे हे काही आज बांधलेलं नव्हतं. अक्का, ती तीन वर्षं दर महिन्याला देवाचं पीठ फडक्यातून गाळून देत आलीय. मी एकदा बोलले म्हणून. तुम्हाला हे ठाऊक होतं. दर महिन्याला त्या दारात उभ्या राहून तुम्ही हे पाहत होतात आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत.

मी खाली बसले. तिचं मनगट धरलं. म्हटलं, “मालन, चाळू नको.”

ती थांबली. मान वर केली नाही. “अळ्या असतील, ताई.”

“असू देत.” आणि मग जे तुम्हाला काल लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. ओट्यावरच. समोरची बाई धुणं वाळत घालत होती ती थबकून ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. सांगितलं की मला माहीत होतं. झाकण उघडताच माहीत होतं. शांती वाचली याचा मला त्या दिवशी आनंद नव्हता झाला, मत्सर झाला होता, आणि मी लोकांना तीन वर्षं खोटं सांगितलं. “मी चुकले, मालन. थट्टा नव्हती ती. मला माफ कर.”

तिने चाळणी बाजूला ठेवली. मला वाटलं, उठून आत जाईल. तसा तिला हक्कही होता. मग म्हणाली, “मी बोलले ते जास्त वाईट होतं.”

“ते खरंच होतं गं.”

“खरं होतं म्हणूनच बोलायला नको होतं.” आणि तिने पदर तोंडाला लावला. न्हाणीघरात हसताना लावला होता तसाच, पण आता हसत नव्हती. मी तिला धरलं. आम्ही दोघी चाळिशीकडे झुकलेल्या बाया भर उन्हात ओट्यावर पिठाने माखून रडत बसलो. शांती शाळेतून आली, एवढी उंच झालीय पोरगी, आमच्याकडे पाहून घाबरलीच. “काय झालं? अजून कोण गेलं?” म्हणाली. तेव्हा मात्र आम्हाला हसू फुटलं.

दुपारी भाकरी माझ्या घरी केली. मळली मालनने, थापली मी. सांगितलं होतं ना पंधरा वर्षांपूर्वी, मिसळलेल्या पिठाची भाकरी तुटते. तव्यावर टाकताना एका कडेने चिरली. मी म्हटलं, दुसरी करू. मालन म्हणाली, “राहू द्या ताई, उद्या मोडायचीच आहे.” तुमचंच वाक्य, तिच्या तोंडी. चीर ओल्या बोटाने तिने दाबून बसवली. उरलेलं पीठ वाटून चार घरी पोचवलं, कौतिकबाईंच्या वाटचं आम्ही दोघी मिळून नेऊन दिलं. त्यांनी आमच्या दोघींच्या पिठाळलेल्या हातांकडे नुसतं पाहिलं आणि साखर जास्त घालून चहा केला.

भाकरी आता फडक्यात बांधून फडताळात ठेवलीय. मालनच्याच मलमलीच्या फडक्यात. तिने चाळणीवरून सोडून दिलं, आता लागायचं नाही म्हणाली. उद्या पाळकसाहेब ती उचलून धरतील आणि मोडतील. ताट आधी मालनकडे येईल, मग माझ्याकडे. दोघींच्या मधली जागा आम्ही तुमच्यासाठी मोकळी ठेवणार आहोत.

बोटं दुखायची थांबली, अक्का. आता तरी जेवा.